क्रीम झिनियाच्या पोटी गुलाबी पोरं

प्रश्न : गेल्या वर्षी क्रीम रंगाच्या झिनियाचं पाकीट आणून एक वाफा केला. फुलं अगदी मनासारखी आली. त्यातल्या सगळ्यात भरगच्च फुलांचं बी धरलं, वाळवून ठेवलं आणि यंदा तेच पेरलं. आता बघतो तर क्रीम फुलं जेमतेम; बाकी सगळी गुलाबी, शेंदरी, एक-दोन तर चक्क राणी रंगाची. बी मी माझ्या हातानं काढलं होतं. मग घोळ कुठे झाला?
— एक वाचक, सातारा

पैज लावून सांगतो, तुमच्या वाफ्यापासून हाकेच्या अंतरावर कुणाकडे तरी रंगीत झिनिया फुललेला होता. मुद्दाम लावलेलाच असेल असंही नाही. शाळेच्या कुंपणाशी, देवळामागे, नाहीतर कुणाच्या परसात गेल्या सालच्या पडलेल्या बियांतून आपोआप उगवलेला. पावसाळ्यात झिनिया नसलेली वाडी आपल्याकडे शोधावी लागते. बी तुम्ही स्वतः काढलंत हे कबूल, पण त्या बियांचा बाप कोण हे ठरवताना तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

एक फूल हातात घेऊन उसकटून बघा, म्हणजे सगळा प्रकार लक्षात येईल. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्याच कुळातलं हे झाड. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो बारक्या बारक्या अनेक फुलांचा मेळावा असतो. बाहेरची प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र फूल, आणि तेही फक्त मादी. एक पाकळी अलगद ओढून काढा. तिच्या बुडाशी दोन फाटे फुटलेला नाजूक धागा दिसेल. तो किंजल्क, म्हणजे पराग झेलायची जागा. धाग्याच्या खाली चपटं कोवळं बी. या पाकळीवाल्या फुलांत पुंकेसर नसतातच. पराग असतो तो मधल्या बोंडावर गोलाकार रांगेनं उमलत जाणाऱ्या, पाच टोकांच्या इवल्या पिवळ्या फुलांत. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बाहेरच्यांना किरणपुष्पकं आणि आतल्यांना बिंबपुष्पकं म्हणतात.

आता उमलण्याचा क्रम बघा. बाहेरच्या पाकळ्या आधी पसरतात आणि त्यांचे किंजल्क पराग घ्यायला तयार होतात. मधली पिवळी फुलं त्यानंतर उमलायला लागतात. म्हणजे सुरुवातीचे काही दिवस मादी फुलं हजर आणि घरचा पराग गैरहजर. त्या दिवसांत फुलपाखरू येऊन बसलं, तर ते पराग दुसऱ्या फुलावरूनच घेऊन येणार. वर आणखी एक भानगड आहे. झिनियाचा पराग त्याच झाडाच्या किंजल्कावर पडला, तर झाड तो बहुधा नाकारतं. सगोत्र विवाह नको, असा त्याचा बाणा. एकटं झाड लावून त्याला जाळीत झाकलं, तर हाती लागतं ते बरंचसं पोकळ बी.

भरगच्च फुलं निवडलीत, तिथे तुम्ही नकळत या सगळ्याला हातभारच लावलात. फूल जितकं भरगच्च, तितक्या त्यात पाकळ्या जास्त आणि मधली परागवाली फुलं कमी. तुमच्या वाफ्यात सगळ्या नवऱ्यामुली, आणि कुंपणापलीकडचा तो एकेरी पाकळ्यांचा आपोआप उगवलेला झिनिया परागानं लदलेला. एकेरी फुलाचं मधलं पिवळं बोंड उघडं असतं. फुलपाखरं आणि मधमाश्या आधी तिथे जातात आणि मग तुमच्याकडे येतात.

रंगाचा हिशेब त्यानंतरचा. झिनियात रंगद्रव्यांचे मुख्य गट दोन. पिवळ्या-नारिंगी छटा कॅरोटिनॉइडच्या. गुलाबी, लाल, जांभळ्या छटा अँथोसायनिनच्या. दोन्ही एकत्र आले की शेंदरी आणि विटकरी रंग होतात. (निळा झिनिया नसतो. कुणी निळ्या झिनियाच्या चित्राचं पाकीट विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.) क्रीम फुलात अँथोसायनिन जवळजवळ नसतं आणि पिवळंही अगदी पुसट असतं. फुलझाडांत साधारणपणे रंग करण्याची क्षमता आई-बापांपैकी एकाकडून मिळाली तरी पुरते. रंग न करणं मात्र दोन्ही बाजूंनी यावं लागतं. म्हणून क्रीम आई आणि राणी रंगाचा बाप यांच्या लेकरांत क्रीम दिसत नाही. ते दिसत नसलं तरी आत शिल्लक असतं. ही गुलाबी लेकरं आपसांत जुळवलीत तर नातवंडांत काही क्रीम पुन्हा डोकं वर काढतील. पण त्यासाठी आणखी एक हंगाम द्यावा लागेल आणि रंगीत रोपं फूल दिसताच उपटून टाकायची तयारी ठेवावी लागेल. बहुतेकांचा हात तिथे थबकतो, कारण उपटायचं ते झाड चांगलं फुललेलं असतं.

शुद्ध बी हवंच असेल तर करायचं काय? बियाण्याचा धंदा करणारे दोन रंगांच्या वाफ्यांमध्ये काही शे मीटर अंतर ठेवतात. गावात किंवा सोसायटीत ते जमणार नाही. त्यापेक्षा जाळीच्या पिशव्या वापरा. लग्नात अक्षता वाटायला ज्या पातळ जाळीदार पोटल्या आणतात, त्यांतली मोठ्या आकाराची चालते. वाफ्यातली सगळ्यात चांगली क्रीम झाडं निवडा, किमान तीन-चार तरी. एकाच झाडाची फुलं आपसांत लावून उपयोग नाही, हे वर आलंच. कळीला रंग चढायला लागला की फूल उमलण्याआधी पिशवी चढवा. मधली पिवळी फुलं दिसू लागली की सकाळी दव सुकल्यावर पिशवी काढून एका झाडाचं फूल दुसऱ्या झाडाच्या फुलावर हलकेच घासा आणि पिशवी पुन्हा बांधा. नवी पिवळी वर्तुळं उमलतील तसं हे एक दिवसाआड करत राहायचं. निवडलेल्या फुलांत थोडी कमी भरगच्च फुलंही राहू द्या, कारण पराग पुरवणार ती.

बी तयार झालं हे फुलाच्या चेहऱ्यावरून कळत नाही, देठावरून कळतं. फुलाखालचा देठ तपकिरी पडला आणि पाकळ्या कागदासारख्या कुरकुरीत झाल्या की फूल कापा. पाकळी ओढली की तिच्यासोबत करडं, चपटं, बाणाच्या टोकासारखं बी येतं. मधल्या फुलांचं बी यापेक्षा निमुळतं असतं. प्रत्येक बी नखानं दाबून पाहण्यात शहाणपण आहे. नख आत गेलं तर ते पोकळ समजा. भरगच्च फुलांत अशी पोकळ बियाणी खूप निघतात आणि लोक मग ‘उगवणच झाली नाही’ म्हणून मातीला दोष देतात. एका ग्रॅममध्ये साधारण शंभर बिया बसतात. कागदी पाकिटात घालून, तारीख टाकून कोरड्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.

एक सावधगिरी मात्र सोडू नका. ज्या झाडाच्या पानांवर तपकिरी-लालसर ठिपके असतील, त्याचं बी फूल कितीही देखणं असलं तरी धरायचं नाही. झिनियाचा करपा आणि जिवाणूजन्य ठिपके हे दोन्ही रोग बियांबरोबर पुढच्या हंगामात येतात.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर फुलांचा मुख्य वाफा दर वर्षी विकतच्या बियांचा करावा आणि पिशव्यांचा खेळ हौसेसाठी दोन-चार झाडांवर खेळावा. पाकीट घेताना वरच्या चित्रापेक्षा उंचीचा आकडा बघा. फुलदाणीसाठी ७५ सेंटिमीटरच्या पुढे वाढणारी जात हवी. ‘थंबेलिना’सारख्या बुटक्या जाती वाफ्याच्या कडेला छान दिसतात, पण कापायला दांडाच नसतो. क्रीम रंगात ‘ओक्लाहोमा आयव्हरी’ची फुलं लहान, पण दांडे बारीक आणि ताठ असतात. ‘इझाबेलिना’ फिक्या लोण्याच्या रंगाकडे झुकते. ‘बेनरीज जायंट’ मालिकेतला पांढरा तळहाताएवढा होतो. आणि विकतच्या पाकिटातही एखादं परकं रोप निघतंच. ते पहिल्या कळीलाच काढून टाका.

प्रश्न : घरात फुलदाणीत ठेवायला म्हणून क्रीम झिनिया लावला. दांडे वीतभरच येतात. गुलाबासारखी अर्धवट उमललेली फुलं कापून आणते, तर दुसऱ्या दिवशी माना टाकतात. पाकळ्यांवर तपकिरी डागही येतात. बिघडतंय काय?
— एक वाचिका, नाशिक

मधूनच सुरुवात करू, कारण मान टाकण्याचा इलाज आजच्या आज करता येईल. गुलाबाची रीत झिनियाला लावू नका. गुलाबाची कळी पाण्यात उमलते, झिनियाचं फूल कापल्यानंतर पुढे सरकत नाही. ज्या अवस्थेत कापलंत त्याच अवस्थेत ते राहतं किंवा मान टाकतं.

फूल कापण्याजोगं झालं की नाही, हे पाहायची हातानं करायची परीक्षा आहे. फुलाच्या वीतभर खाली दांडा दोन बोटांत धरा आणि हलकेच हलवा. वरचा भाग लुळा पडून डुलला, तर फूल कितीही उमललेलं दिसो, त्याला हात लावू नका. दांडा काठीसारखा ताठ राहिला आणि फुलासकट सगळा एकदम हलला, की कापा. फुलाच्या लगेच खालचा देठ सगळ्यात शेवटी कठीण होतो, आणि झिनियाचा दांडा मुळात आतून पोकळ. तो भाग कोवळा असताना कापलं तर पाणी वर चढलं तरी डोकं तोलायला आधार नसतो.

हा कठीणपणा कुठून येतो? दांड्यातल्या पाणी वाहणाऱ्या पेशींच्या भिंती जाड आणि लाकडी होतात, तिथून. गंमत म्हणजे ही क्रिया समजून घ्यायला जगभरच्या प्रयोगशाळांनी वापरलं ते झिनियाचंच पान. १९८० मध्ये हिरोओ फुकुदा आणि अत्सुशी कोमामिने या जपानी शास्त्रज्ञांनी झिनियाच्या पानातल्या सुट्या हिरव्या पेशी संप्रेरकं घातलेल्या द्रवात वाढवल्या आणि त्या पेशींची काही दिवसांत जाड भिंतींच्या पाणवाहू पेशींत रूपांतरं झाली. झाडात लाकूड कसं तयार होतं यावरचं पुढचं बरंच संशोधन या पद्धतीवर उभं राहिलं. तुम्ही बागेत दांडा हलवून बघता तेव्हा याच पेशींचं काम पुरं झालं की नाही हे तपासत असता.

आता दांड्याच्या लांबीकडे. तीन गोष्टी बघा.

पहिली, शेंडा. रोप फूटभर उंच झालं आणि पानांच्या चार जोड्या आल्या की वरचा शेंडा खुडायचा. पहिलं फूल आठवडाभर उशिरा येईल, पण बगलेतून फुटवे फुटतील आणि तेच पुढे लांब दांडे देतील. नाशिककर द्राक्षाच्या वेलीला कात्री लावताना डगमगत नाहीत, पण झिनियाचा शेंडा खुडताना त्यांनाही दया येते! शेंडा न खुडलेलं झाड मधोमध एक मोठं फूल देतं आणि बाजूला आखूड दांड्यांचा गोतावळा.

दुसरी, कापण्याची जागा. बहुतेक लोक फूल लहान दांड्यासह वरच्यावर खुडतात. ‘पुढच्या कळ्या वाया जातील’ ही भीती. उलट खोल कापा, खालून दोन-तीन पेरं सोडून जिथे फुटवे दिसतात त्याच्या जरा वर. पुढचे फुटवे जितके खालून निघतील, तितके लांब येतील. पहिल्या कापणीला दोन-चार कळ्या जातात, जाऊ द्या.

तिसरी, दिवसाची लांबी. झिनिया दिवस लहान झाले की लवकर फुलावर येतो आणि बुटका राहतो. आपल्या पट्ट्यात जूनमधला दिवस तेरा तासांच्या पुढे जातो, डिसेंबरात अकरा तासांवर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला झिनिया नीट उंची घेण्याआधीच कळ्या धरतो. तुमचे वीतभर दांडे बहुधा त्यातूनच आले आहेत.

मग पावसाळ्याच्या तोंडावरच का पेरू नये? लाल-केशरी झिनिया जरूर पेरा. क्रीमला ते मानवत नाही, आणि तुमच्या तपकिरी डागांचं मूळही इथेच सापडेल. पावसाचा थेंब पाकळीवर साचून राहिला की तिथे डाग उमटतो. फुलकिडे पाकळ्यांच्या घडीत शिरून खरवडतात, त्याचे ओरखडे तपकिरी होतात. कडक ऊन, धूळ, हाताळताना पडलेली बोटं, जुनं झालेलं फूल, यांतलं प्रत्येक लाल फुलातही घडतं, पण दिसत नाही. क्रीम फूल काहीच झाकून ठेवत नाही. त्यामुळे त्याची पेरणी अशी साधावी लागते की फुलं मोठ्या पावसानंतर आणि कडक उन्हाआधी यावीत.

देशावर त्यासाठी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. बी प्रोट्रेमध्ये कोकोपीट भरून, सेंटिमीटरभर खोल, आडोशाला पेरा. ऊब असली तर चार-सहा दिवसांत उगवतं. झिनियाला मुळं दुखावलेली आवडत नाहीत, म्हणून तीन आठवड्यांच्या आत रोपं ट्रेमधून हलवायची. मुळं गुंडाळून बसली की ती रोपं पुढे खुजीच राहतात. लागवड गादीवाफ्यावर, दोन रोपांत नऊ इंच ते एक फूट. पेरणीपासून पहिलं फूल साधारण ६० ते ७० दिवसांनी, म्हणजे हस्ताचा पाऊस झडून गेल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. कोकणात पाऊस रेंगाळतो, तिथे पेरणी महिनाभर पुढे ढकला आणि थोडे आखूड दांडे गोड मानून घ्या. दुसरा हंगाम जानेवारीअखेरच्या पेरणीचा. दिवस वाढत जातात, दांडे चांगले येतात, पण एप्रिलच्या उन्हात क्रीम पाकळ्या कडेनं करपतात. विदर्भ-मराठवाड्यात तर हलकं शेडनेट बांधल्याशिवाय या हंगामाच्या वाटेला जाऊ नये.

पाणी ठिबकनं किंवा झारीनं बुडाशी द्या, पानांवर नको. थंडी सुरू झाली की भुरी येते, खालच्या पानांवर पिठासारखा थर दिसतो. रोपांत वारा खेळता ठेवा, सर्वांत खालची पानं काढून टाका. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम हा जुना, स्वस्त उपाय आहे, पण तो कळ्यांना रंग यायच्या आधी. नंतर फवारलंत तर गंधकाचेच ठिपके क्रीम पाकळ्यांवर बसतात. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावा. पानं वाकडीतिकडी होऊन आखडली असतील, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असू शकतो. त्या झाडाला औषध पाजत बसू नका, उपटून लांब टाका. नत्राचा मारा टाळा. युरिया पाहून झिनिया खुश होतो, पण दांडे मऊ पडतात.

फूल सकाळी दव सुकल्यावर कापा, लगेच बादलीत ठेवा आणि पाण्याखाली जाणारं प्रत्येक पान काढून टाका. झिनियाचा दांडा लवेचा, त्यामुळे पाणी चटकन गढूळ होतं आणि त्यातले जिवाणू दांड्याचं तोंड बुजवतात. फुलदाणी साबणानं घासलेली असावी, पाणी एक दिवसाआड बदलावं आणि दर वेळी दांड्याचं टोक थोडं कापावं. लिटरभर पाण्यात कपड्यांच्या ब्लीचचे दोन-चार थेंब चालतात. तांब्याचं नाणं, अ‍ॅस्पिरिन वगैरे तोडग्यांच्या नादी लागू नका. आणि फूल टिकावं म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका. मेक्सिकोतलं हे झाड, त्याच्या फुलाला तो गारठा सोसत नाही. एवढं पाळलंत तर आठवडाभर फुलं ताजी राहायला हरकत नाही.

प्रश्न : झिनियाचं फूल अंतराळात उमललं होतं, असं आमच्या सरांनी सांगितलं. हे खरं आहे का?
— एक विद्यार्थी, कुडाळ

सर बरोबर आहेत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ‘व्हेजी’ नावाची छोटी रोपवाटिका आहे. तिच्यात नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘प्रोफ्यूजन’ जातीच्या झिनियाचं बी लावलं होतं. डिसेंबरात पानांवर पाणी साचायला लागलं, पानं मुरडली, काही रोपांना बुरशी लागली. जमिनीवरून आलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पाणी देणं रोपांना मानवत नव्हतं. स्कॉट केली या अंतराळवीरानं सुचवलं, की रोपं समोर आहेत, तर पाणी कधी द्यायचं ते मीच बघून ठरवतो. त्याला ती मुभा मिळाली, पंखा वाढवून हवा खेळती केली, आणि जानेवारी २०१६ मध्ये त्यानं नारिंगी फुलाचा फोटो जगाला दाखवला. बुडाशी ओल आणि वर कोंदट हवा, ही तक्रार कुडाळच्या आषाढातही तीच असते.

या झाडाला नाव मिळालं ते योहान गॉटफ्रीड झिन या जर्मन प्राध्यापकावरून. १७२७ मध्ये जन्मलेला हा माणूस ग्योटिंगेनला शरीररचना आणि वनस्पतिशास्त्र शिकवायचा. डोळ्याच्या रचनेवरचा त्याचा ग्रंथ गाजला. डोळ्यातलं भिंग जागेवर धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या कड्यालाही त्याचंच नाव आहे. १७५९ मध्ये, वयाच्या जेमतेम एकतिसाव्या वर्षी तो वारला. त्याच वर्षी लिनियसनं या मेक्सिकन वनस्पतीच्या प्रजातीला त्याचं नाव दिलं.

प्रश्न : दोन गुंठे क्रीम झिनिया लावून फुलं विकता येतील का? दादरच्या किंवा गुलटेकडीच्या बाजारात भाव मिळेल का?
— एक वाचक, जुन्नर

मोठ्या बाजाराचा विचार सोडून द्या. तिथे सुटी फुलं किलोवर जातात आणि दांड्याच्या फुलांत गुलाब, जरबेरा, कार्नेशन यांची पक्की साखळी आहे. पांढऱ्या फुलांसाठी तुमच्याच भागात होणारा ‘फुले गणेश व्हाईट’ अ‍ॅस्टर व्यापाऱ्याच्या ओळखीचा आहे. झिनियाची जुडी घेऊन गेलात तर तो ती उलटसुलट करून बघेल आणि ‘ठेवा तिकडे’ म्हणेल.

झिनियाची अडचण प्रवासाची आहे. शीतगृहात आणि थंड गाडीत तो काळवंडतो, एकावर एक रचला तर क्रीम पाकळ्यांना चरे पडतात. पण लांबून येणारा माल जे देऊ शकत नाही, ते जवळचा शेतकरी देऊ शकतो. अमेरिकेत लहान फूलशेती करणाऱ्यांचं झिनियावर जे प्रेम आहे, त्यामागे हाच व्यवहार आहे. तुमच्या बाबतीत गिऱ्हाईक म्हणजे तास-दोन तासांच्या अंतरावरचे पुष्पगुच्छ करणारे, लहान समारंभांची सजावट करणारे, पुण्यातली एखादी खानावळ किंवा हॉटेल ज्याला रोज टेबलावर ताजी फुलं हवी असतात. क्रीम फूल त्यांना सोयीचं, कारण ते निशिगंधाशेजारी चालतं, लाल गुलाबाशेजारीही चालतं आणि कुठल्याही साडीशी भांडत नाही.

दोन गुंठे एकदम लावू नका. झिनियाचं झाड महिना-दीड महिना जोमानं फुलतं आणि मग फुलं लहान होत जातात. एकदम लावलंत तर पंधरा दिवस विकून संपणार नाहीत इतकी फुलं आणि पुढे गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा वाफा दमलेला. ऑगस्टच्या मध्यापासून दर तीन आठवड्यांनी एक लहान वाफा पेरा, असे तीन. शेवटच्या वाफ्याचे दांडे थोडे आखूड येतील, ते लहान गुच्छांना द्या. वाफ्यावर शेवंतीला बांधतात तशी आधाराची जाळी बांधा, नाहीतर परतीच्या पावसाच्या एका झोडीत दांडे वाकडे होतात आणि वाकडा दांडा कुणी घेत नाही. बादल्या दोन ठेवा, एक शेतात आणि एक सावलीत. पहिल्या खेपेला पैसे न घेता पाच-पाच दांड्यांच्या जुड्या दोन-तीन दुकानांत देऊन या आणि चौथ्या दिवशी फोन करून फुलं कशी आहेत ते विचारा.